ज्ञानकोशाचे स्वयंसेवी लेखक

अर्थार्जनासाठी अन्य व्यवसाय करीत असताना, कोणतेही मानधन न घेता ज्ञानकोशाचे अथवा तत्सम कोशाचे लेखन, संकलन व संपादन करणाऱ्या व्यक्ती. कोशरचनेच्या इतिहासात अशा व्यक्तींचा सहभाग फार पूर्वीपासून आढळतो. तथापि १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडिया या महाजालावरील मुक्त ज्ञानकोशात तो प्रथमच आनुषंगिक न राहता मूलभूत ठरला. या कोशाला पगारी लेखकवर्ग नाही. त्याच्या ३०० हून अधिक भाषांतील आवृत्त्या स्वयंसेवकांनीच घडविल्या असून इंग्रजी आवृत्तीतील लेखांची संख्या मार्च २००६ मध्ये १० लाखांवर व मे २०२५ मध्ये ७० लाखांवर गेली. लेखाखाली लेखकाचे नाव छापण्याची पद्धत येथे नाही. बहुतेक लेखक टोपणनावाने लिहितात. त्यामुळे हे लेखक कोण, त्यांचा व्यवसाय कोणता, त्या व्यवसायातून आलेल्या अधिकाराला कोशात स्थान आहे काय आणि या कामाचा त्यांच्या आयुष्यावर कोणता परिणाम झाला, हे प्रश्न आधुनिक ज्ञानव्यवहाराच्या इतिहासात महत्त्वाचे ठरतात.

पूर्वपीठिका : विनावेतन कोशलेखनाचे सर्वांत ठळक जुने उदाहरण अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये सापडते. दनी दीद्रो व द’आलांबेर यांच्या संपादकत्वाखाली १७५१ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या फ्रेंच विश्वकोशाच्या सु. ७२,००० नोंदींपैकी सु. १७,००० नोंदी, म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांश मजकूर, लूई द झोकूर (१७०४–७९) या एकाच व्यक्तीने लिहिला. झोकूर हा व्यवसायाने वैद्य. जिनीव्हा येथे ईश्वरविद्या, केंब्रिज येथे विज्ञान आणि लायडन येथे बूरहाव्हे या ख्यातनाम वैद्याच्या हाताखाली वैद्यक, असे त्याचे शिक्षण झाले होते. त्याने लॅटिन भाषेत सहा खंडांचा वैद्यककोश रचला. परंतु तो छपाईसाठी ॲम्स्टरडॅमकडे पाठविला असता जहाज बुडून हस्तलिखित नष्ट झाले. त्यानंतर त्याने आपली सर्व शक्ती दीद्रोच्या प्रकल्पाला वाहिली. १७५९ मध्ये शासनाने कोशाचा परवाना रद्द केल्यावर अनेक लेखक दूर झाले. झोकूर मात्र राहिला. त्याने मोबदला घेतला नाही. उलट लेखनिकांचे वेतन भागविण्यासाठी स्वतःचे पॅरिसमधील घर विकले आणि ते विकत घेणारा कोशाचाच मुद्रक ल ब्रताँ हा होता. कोशापासून मुद्रकाला नफा झाला, लेखकाचे घर गेले. स्वयंसेवी श्रमाच्या अर्थकारणाचे हे रूप पुढील काळातही वेगवेगळ्या वेषांत दिसत राहिले.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी भाषेच्या ऐतिहासिक शब्दकोशाने, म्हणजे पुढे ऑक्सफर्ड शब्दकोश म्हणून प्रसिद्धी पावलेल्या प्रकल्पाने, हीच पद्धत व्यापक प्रमाणावर अवलंबिली. संपादक जेम्स मरी (१८३७–१९१५) याने १८७९ मध्ये जाहीर आवाहन करून इंग्रजी वाचकांना ग्रंथांतील शब्दप्रयोग अवतरणांसह चिठ्ठ्यांवर उतरवून पाठविण्यास सांगितले. या आवाहनाला प्रतिसाद देणाऱ्यांत दोघा अमेरिकनांची नावे विशेष उल्लेखनीय आहेत. विल्यम चेस्टर मायनर (१८३४–१९२०) हा अमेरिकेच्या सैन्यातील शल्यविशारद. मानसिक विकाराच्या भरात १८७२ मध्ये लंडनच्या लँबेथ भागात त्याच्या हातून एका निरपराध कामगाराची हत्या झाली आणि त्याला ब्रॉडमूर येथील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. तेथील कोठडीत स्वतःचा ग्रंथसंग्रह जमवून त्याने अनेक वर्षे शब्दकोशासाठी हजारो अवतरणे पुरविली.

दुसरा फिट्सएडवर्ड हॉल (१८२५–१९०१) हा संस्कृतचा अभ्यासक असून त्याच्या कार्याचा भारताशी व महाराष्ट्रीय विद्वत्तेशी प्रत्यक्ष संबंध येतो. तो बनारसच्या शासकीय संस्कृत महाविद्यालयात अध्यापक होता आणि मूळचे पुण्याचे गणिती व ज्योतिषी बापूदेव शास्त्री (१८२१–१९००) यांच्या साहाय्याने त्याने संपादित केलेला सूर्यसिद्धान्त १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यावर सफक परगण्यातील एका खेड्यात एकान्तवासात राहून त्याने सु. वीस वर्षे दररोज कित्येक तास शब्दकोशाची मुद्रिते तपासली व त्यांत अवतरणांची भर घातली. संस्कृत पाठचिकित्सेत मुरलेली दृष्टी येथे इंग्रजी शब्दांच्या इतिहासासाठी कामी आली.

या तिघांच्या बाबतीत एक गोष्ट समान आहे. त्यांच्या मजकुराचा अंतिम निर्णय संपादकाच्या हाती होता. त्यांची ओळख त्याला ठाऊक होती आणि वाचकाचा विश्वास होता तो संपादकावर व प्रकाशनसंस्थेवर. विकिपीडियाने नेमका हा दुवा काढून टाकला.

न्यूपीडियाकडून विकिपीडियाकडे : अमेरिकन उद्योजक जिमी वेल्स यांनी मार्च २००० मध्ये न्यूपीडिया नावाचा महाजालावरील ज्ञानकोश सुरू केला. तत्त्वज्ञानात विद्यावाचस्पती पदवी मिळविणारे लॅरी सँगर हे त्याचे मुख्य संपादक होते. या कोशात लेख तज्ञांनी लिहावयाचे व सात टप्प्यांच्या परीक्षणातून ते पार पडावयाचे, अशी योजना होती. परिणामी २००३ मध्ये तो बंद होईपर्यंत मान्यताप्राप्त लेखांची संख्या पंचवीसच्या आसपासच राहिली. याला पूरक म्हणून कोणालाही लिहिता व बदलता येईल असे जे कच्चे दालन उघडण्यात आले, तोच विकिपीडिया होय. त्यात पहिल्या वर्षातच सु. २०,००० लेख झाले.

या वाढीमुळे सुरुवातीची संगणकप्रणाली अपुरी पडू लागली. तेव्हा कोलोन विद्यापीठात शिकणारे माग्नुस मान्स्के या जीवविज्ञानाच्या जर्मन विद्यार्थ्याने मोबदल्याविना नवी प्रणाली लिहून दिली आणि २५ जानेवारी २००२ पासून ती वापरात आली. आजच्या प्रणालीचा उगम तीत आहे. मान्स्के यांनी पुढे इंग्लंडमधील सँगर जनुकसंशोधन संस्थेत मलेरियाच्या परजीवींच्या जनुकीय माहितीवर काम केले. कोशाचा यांत्रिक पाया घालणारी व्यक्ती व्यवसायाने प्रणाली-अभियंता नव्हती, ही गोष्ट या चळवळीच्या स्वरूपाची द्योतक आहे.

अधिकार आणि पुरावा : विकिपीडियाच्या नियमांनुसार लेखातील विधान लेखकाच्या पदवीवर नव्हे, तर प्रकाशित व विश्वसनीय संदर्भावर आधारलेले असावे लागते. स्वतःचे अप्रकाशित संशोधन लेखात घालता येत नाही. एखाद्या विषयाचा प्राध्यापक व त्याच विषयातील शाळकरी विद्यार्थी यांना संपादनाचा अधिकार सारखाच असतो. वाद झाल्यास दोघांनाही संदर्भ द्यावा लागतो. या समतेचे दोन परिणाम झाले आणि ते परस्परांच्या विरुद्ध दिशांचे होते.

पहिला परिणाम असा, की खऱ्या तज्ञालाही विशेष सवलत मिळाली नाही. विल्यम कॉनली हे ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षण संस्थेत हवामानाच्या गणिती प्रतिमानांवर काम करणारे वैज्ञानिक विकिपीडियावर हवामानबदलाचे लेख लिहीत. त्या लेखांतील मजकूर वारंवार बदलणाऱ्या विरोधकाशी त्यांचा दीर्घ वाद झाला. २००५ मध्ये विकिपीडियाच्या लवाद समितीने त्यांच्यावरही, दिवसातून एकापेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचा बदल उलटवू नये, असे बंधन घातले. कालांतराने ते उठविण्यात आले. समितीने निर्णय दिला होता तो वर्तनाविषयी, विज्ञानाविषयी नव्हे. तथापि ज्याने त्या विषयात आयुष्य घालविले त्याला आणि ज्याला तो विषय अमान्य आहे त्याला एकाच मापाने मोजावे काय, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला.

दुसरा परिणाम असा, की खोट्या अधिकाराचा आधार घेण्याचा मोह काहींना आवरला नाही. ‘एस्जे’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या व प्रशासकीय अधिकार असलेल्या एका संपादकाने आपण ईश्वरविद्येचे प्राध्यापक असल्याचे सांगितले होते. २००६ मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकन साप्ताहिकाने ही माहिती तशीच छापली. प्रत्यक्षात ती व्यक्ती चोवीस वर्षांची असून तिच्याजवळ ते पद नव्हते व त्या पदव्याही नव्हत्या, हे २००७ च्या आरंभी उघड झाले. साप्ताहिकाला खुलासा प्रसिद्ध करावा लागला आणि एस्जेने मार्च २००७ मध्ये आपले अधिकार सोडले. पदवीला महत्त्व नसलेल्या कोशात खोट्या पदवीचा उपयोग वादात वजन पाडण्यासाठी व्हावा, हा त्यातील अंतर्विरोध लक्षणीय होता. संपादकांच्या पदव्या पडताळून पाहाव्यात, अशी सूचना त्यानंतर पुढे आली. परंतु ती स्वीकारली गेली नाही.

२००२ मध्ये विकिपीडिया सोडलेल्या सँगर यांनी याच दोषावर उपाय म्हणून सिटिझनडियम हा दुसरा कोश २००७ मध्ये खुला केला. त्यात खरी नावे अनिवार्य होती आणि मान्यताप्राप्त तज्ञांना निर्णायक अधिकार होता. त्याची वाढ मात्र अल्पावधीतच खुंटली. नेचर या विज्ञान-नियतकालिकाने डिसेंबर २००५ मध्ये विज्ञानविषयक ४२ लेखांची तज्ञांकडून तुलना करविली असता, दर लेखामागे एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात सु. तीन व विकिपीडियात सु. चार चुका आढळल्या. ब्रिटानिकाने या तुलनेच्या पद्धतीवर तीव्र आक्षेप घेतला; नेचरने आपला निष्कर्ष मागे घेतला नाही. नामांकित लेखकांशिवायही कोश बऱ्याच अंशी विश्वसनीय होऊ शकतो आणि नामांकित लेखक असूनही तो निर्दोष नसतो, असे या तुलनेवरून दिसते.

वैद्यकातील लेखक : व्यवसाय आणि स्वयंसेवी लेखन यांचा सर्वांत निकटचा संबंध वैद्यकविषयक लेखांत दिसून येतो, कारण तेथील चूक वाचकाच्या जिवावर बेतू शकते. कॅनडातील आपत्कालीन वैद्यक सेवेतील डॉक्टर जेम्स हाइलमन यांचे काम या क्षेत्रात अग्रेसर मानले जाते. त्यांनी २०१४ मध्ये अन्य तिघांसह डेंग्यू तापावरील विकिपीडियाचा लेख एका वैद्यकीय नियतकालिकाकडे रीतसर परीक्षणासाठी दिला व तो स्वीकारला गेला. अशा प्रकारे नियतकालिकात प्रसिद्ध झालेला विकिपीडियाचा तो पहिला लेख होय. महत्त्वाच्या रोगांवरील लेख सोपे करून ते अल्पसाधन भाषांत अनुवादित करण्याच्या योजनेतही त्यांचा पुढाकार होता.

या कामामुळे त्यांचा व्यवसायही अडचणीत आला. २००९ मध्ये त्यांनी रॉर्शाक मानसचाचणीतील शाईच्या डागांची दहाही चित्रे संबंधित लेखात समाविष्ट केली. ही चित्रे १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेली असून त्यांवरील स्वामित्वहक्काची मुदत संपली होती. मात्र रुग्णाने ती आधीच पाहिल्यास चाचणी निरुपयोगी होते, असे मानसशास्त्रज्ञांचे म्हणणे होते. त्यांपैकी दोघांनी हाइलमन यांच्याविरुद्ध सस्कॅचेवन प्रांताच्या वैद्यक व्यावसायिकांच्या नियामक मंडळाकडे तक्रार केली. कोशात केलेल्या संपादनाबद्दल वैद्यकी करण्याच्या परवान्यावर प्रश्नचिन्ह उभे राहण्याचा हा प्रसंग होता. लेखक म्हणून माहिती खुली करणे आणि वैद्य म्हणून व्यवसायबंधूंच्या साधनाचे रक्षण करणे, ही दोन कर्तव्ये त्यात समोरासमोर आली.

भारतातील उदाहरण केरळच्या नेता हुसेन यांचे आहे. कोझिकोडे येथे वैद्यकाचे शिक्षण घेत असताना २०१० मध्ये त्यांनी विकिपीडियावर लेखनास आरंभ केला. पुढे स्वीडनमधील यतबॉर्य विद्यापीठात त्यांनी मज्जाविज्ञानात संशोधन केले. कोविड–१९ च्या साथीत लशींच्या सुरक्षिततेविषयी पसरलेल्या गैरसमजांना उत्तर देणारे लेख घडविण्याचा प्रकल्प त्यांनी हाती घेतला. महासाथीच्या काळात शासकीय पत्रके व समाजमाध्यमांतील अफवा यांच्या दरम्यान लोकांना सहज सापडणारी तटस्थ माहिती अशा स्वयंसेवकांकडून मिळाली.

विद्यापीठीय संशोधक आणि स्त्रीचरित्रे : ॲड्रिॲन वॉडविट्स (१९७७–२०१४) या इंग्रजी साहित्याच्या अमेरिकन अभ्यासक. अठराव्या शतकातील बालसाहित्य हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. २००४ पासून त्यांनी मेरी वुलस्टनक्राफ्ट, जेन ऑस्टिन इत्यादींवरील लेख जवळजवळ ग्रंथाच्या तोलाचे केले. त्यांच्या संपादनांची संख्या सु. ५०,००० होती. विद्यापीठीय नेमणुकांत व पदोन्नतीत अशा लेखनाला मूल्य नसते. त्यामुळे ते वेळेचा अपव्यय मानले जाई. वॉडविट्स यांनी ही समजूत बदलण्यासाठी विद्यार्थ्यांना वर्गातच कोशलेखन करावयास लावण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. मार्च २०१४ च्या अखेरीस गिर्यारोहण करताना त्या कोसळल्या व एप्रिलमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

स्त्रियांच्या चरित्रांची उणीव हा याच सुमारास ऐरणीवर आलेला प्रश्न होय. २०१४ मध्ये इंग्रजी विकिपीडियातील चरित्रलेखांपैकी स्त्रियांवरील लेख १६ टक्क्यांहून कमी होते. एमिली टेंपल-वुड या अमेरिकन विद्यार्थिनीने २०१२ मध्ये स्त्री वैज्ञानिकांविषयीच्या लेखांचा प्रकल्प उभारण्यात पुढाकार घेतला. महाजालावरून येणाऱ्या प्रत्येक अश्लील वा धमकीवजा पत्रामागे एका स्त्री वैज्ञानिकाचे चरित्र लिहावयाचे, असा नेम तिने केला. पुढे ती डॉक्टर झाली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील भौतिकीविज्ञ जेस वेड यांनी २०१८ पासून दिवसाचे प्रयोगशाळेतील काम संपल्यावर रात्री एक चरित्र लिहिण्याचा परिपाठ ठेवला. अशा चरित्रांची संख्या पुढे २,००० च्या वर गेली.

या प्रयत्नांत संदर्भाच्या नियमाची मर्यादाही उघड झाली. कॅनडाच्या भौतिकीविज्ञ डॉना स्ट्रिक्लंड यांच्यावरील लेखाचा मसुदा २०१८ मध्ये पुरेशा स्वतंत्र संदर्भांअभावी नाकारण्यात आला आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. टेनेसीन या ११७ व्या मूलद्रव्याच्या शोधकार्यात भाग घेतलेल्या कृष्णवर्णीय रसायनविज्ञ क्लॅरिस फेल्प्स यांच्यावर वेड यांनी लिहिलेला लेख २०१९ मध्ये वगळला गेला व २०२० मध्ये पुन्हा घेतला गेला. ज्यांची दखल वृत्तपत्रांनी व ग्रंथांनी घेतली नाही, त्यांची दखल कोशालाही घेता येत नाही. अशा रीतीने समाजातील जुना पक्षपात संदर्भाच्या मार्गाने कोशात उतरतो. तज्ञाला आपल्या क्षेत्रातील गुणी माणसे ठाऊक असतात. परंतु हे ज्ञान पुरावा म्हणून ग्राह्य नसते. विकिपीडियाच्या समतेची ही दुसरी बाजू होय.

सामान्य व्यवसायांतील लेखक : विकिपीडियाचा मोठा भार मात्र ज्यांच्या व्यवसायाचा लेखाच्या विषयाशी संबंध नाही, अशा व्यक्तींनी वाहिला आहे. सर्वाधिक संपादने करणाऱ्यांत गणले जाणारे स्टीव्हन प्रूइट हे कलेतिहासाचे पदवीधर असून अमेरिकेच्या सीमाशुल्क व सीमासंरक्षण खात्यात अभिलेख सांभाळण्याचे काम करीत. पूचीनीच्या एका संगीतिकेतील पात्राचे नाव त्यांनी टोपणनाव म्हणून घेतले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या आपल्या एका पूर्वजावर लेख लिहून त्यांनी २००४ मध्ये आरंभ केला. दिवसा कागदपत्रांची व्यवस्था आणि संध्याकाळी ज्ञानाची व्यवस्था, असा हा क्रम होता. १० लाख संपादने पूर्ण करणारी पहिली व्यक्ती जस्टिन नॅप हे होत. एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी हा टप्पा ओलांडला. तत्त्वज्ञान व राज्यशास्त्र शिकलेल्या नॅप यांनी उपजीविकेसाठी घरोघर पीत्सा पोहोचविण्यासारखी किरकोळ कामेही केली. कॅलिफोर्नियातील संगणक-अभियंता ब्रायन हेंडरसन यांनी ‘कम्प्राइज्ड ऑफ’ हा त्यांच्या मते सदोष असलेला इंग्रजी वाक्प्रयोग लेखांतून शोधून काढण्याचे एकच काम अंगीकारले व २०१५ पर्यंत तो हजारो लेखांत दुरुस्त केला.

याच्या उलट टोकाला स्वेर्केर यूहान्सन यांचे कार्य आहे. कणभौतिकीत विद्यावाचस्पती पदवी मिळविलेल्या या स्वीडिश अध्यापकांनी प्राणी, वनस्पती व स्थळे यांच्या माहितीसंग्रहांतून आपोआप लेख तयार करणारी संगणकीय आज्ञावली लिहिली. २०१४ पर्यंत तिने सु. २७ लाख लेख निर्माण केले. त्यांपैकी बरेच स्वीडिश भाषेत आणि फिलिपीन्समधील सेब्वानो व वाराई या भाषांत होते; सेब्वानो ही यूहान्सन यांच्या पत्नीची भाषा. यामुळे सेब्वानो आवृत्ती लेखसंख्येत जगातील पहिल्या काही आवृत्त्यांत जाऊन बसली. परंतु लेख वाचणारा व सुधारणारा समाज त्या प्रमाणात निर्माण झाला नाही. लेखांची संख्या यंत्राने वाढविता येते, लेखकवर्ग मात्र तसा वाढविता येत नाही, हा धडा मराठीसारख्या भाषांनाही लागू पडतो.

जोखीम व बलिदान : टोपणनावाच्या आडोशाला असलेला लेखक सर्वत्र सुरक्षित राहिला नाही. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील अभिरक्षक व इतिहासकार रेमी मातीस यांना एप्रिल २०१३ मध्ये तेथील गुप्तवार्ता विभागाने बोलावून घेतले आणि एका लष्करी बिनतारी केंद्रावरील लेख, अटकेची भीती घालून, त्यांच्याकडून काढून टाकविला. तो लेख मातीस यांनी लिहिलेला नव्हता. ते प्रचालक असल्यामुळे लेख वगळण्याचा तांत्रिक अधिकार त्यांच्याजवळ होता, एवढाच त्यांचा संबंध. दुसऱ्या देशातील एका स्वयंसेवकाने लेख लगोलग पूर्ववत केला आणि या प्रकरणाच्या बोभाट्यामुळे तो काही काळ फ्रेंच आवृत्तीतील सर्वाधिक वाचला जाणारा लेख झाला.

अन्यत्र याहून जबर किंमत मोजावी लागली. युक्रेनचे तरुण पत्रकार व ल्व्हिव्ह विद्यापीठातील भूगोलाचे विद्यार्थी ईहोर कोस्तेंको (१९९१–२०१४) यांनी युक्रेनियन विकिपीडियात सु. २८० लेख लिहिले होते. २० फेब्रुवारी २०१४ रोजी कीव्ह येथील आंदोलनात ते गोळीबारात मारले गेले. त्या वर्षीचा विकिपीडियाचा वार्षिक सन्मान त्यांना मरणोत्तर देण्यात आला. सिरियातील संगणकतज्ञ बासेल खर्ताबिल (१९८१–२०१५) हे विकिपीडियाचे लेखक व मुक्त ज्ञानाच्या चळवळीतील कार्यकर्ते होते. पाल्मायराच्या प्राचीन अवशेषांची संगणकीय प्रतिकृती उभारण्याच्या कामालाही त्यांनी आरंभ केला होता. १५ मार्च २०१२ रोजी दमास्कस येथे त्यांना अटक झाली. २०१५ मध्ये त्यांना देहान्त शिक्षा देण्यात आली. परंतु ही वार्ता जगाला कळली ती ऑगस्ट २०१७ मध्ये. सौदी अरेबियातील डॉक्टर व अरबी विकिपीडियाचे संपादक ओसामा खालिद यांना २०२० मध्ये अटक झाली. त्यांच्या पाच वर्षांच्या शिक्षेची मुदत वाढवून ३२ वर्षे करण्यात आल्याचे मानवी हक्क संघटनांनी जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केले; त्यांच्या कोशलेखनाचा या शिक्षेशी संबंध असल्याचे या संघटनांचे म्हणणे होते.

भारतात हा प्रश्न न्यायालयापुढे आला. एका वृत्तसंस्थेने आपल्याविषयीच्या लेखातील मजकूर बदनामीकारक असल्याचा दावा २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल केला. न्यायालयाने ऑगस्टमध्ये संबंधित संपादकांची माहिती उघड करण्याचा आदेश विकिमीडिया प्रतिष्ठानाला दिला. पुढे नावे जाहीर न करता प्रतिष्ठानामार्फत समन्स बजावण्याचा मार्ग काढण्यात आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या लेखातील मजकुरावरून महाराष्ट्राच्या सायबर विभागाने काही संपादकांविरुद्ध गुन्हा नोंदविला. बदनामी झालेल्या व्यक्तीला वा दुखावलेल्या समाजाला दाद मागण्याचा हक्क आहे, हे निर्विवाद. त्याचबरोबर, मोबदला न घेणाऱ्या, वकील नेमण्याची ऐपत नसलेल्या आणि नोकरी गमावण्याची धास्ती असलेल्या व्यक्तीने कोशातील एका वाक्यासाठी कोणत्या मर्यादेपर्यंत जबाबदार राहावे, याचे समाधानकारक उत्तर कायद्याला अद्याप देता आलेले नाही.

मूल्यमापन : मराठीतील कोशपरंपरा निराळ्या मार्गाने वाढली. श्री. व्यं. केतकर (१८८४–१९३७) यांनी भागभांडवल उभारून व वर्गणीदार मिळवून महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्धीस नेला. मराठी विश्वकोशाने तज्ञांकडून नोंदी लिहवून घेतल्या व नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव देण्याची प्रथा पाळली. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, सुरू झाला. नोंदीखालचे नाव हे वाचकाला दिलेले वचन असते. त्या नावामागे अभ्यास व उत्तरदायित्व उभे असते. निनावी कोशात ते वचन प्रत्येक विधानाला जोडलेल्या संदर्भाने आणि लेखातील प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या इतिहासाने पाळावे लागते. या दोन पद्धती परस्परांना पूरक आहेत. तज्ञांच्या सहीचे ग्रंथ नसतील, तर निनावी लेखकाला संदर्भ कोठून मिळणार आणि निनावी लेखक नसेल, तर ग्रंथातील ज्ञान दूरच्या खेड्यातील वाचकापर्यंत कधी पोहोचणार?

वरील सर्व चरित्रांचा एकत्र विचार केला असता असे दिसते, की व्यवसायाने या लेखकांना कोशात अधिकार दिला नाही. शिस्त मात्र दिली. वैद्याची सावधगिरी, ग्रंथपालाची नोंदीची सवय, अभियंत्याची चूक शोधण्याची चिकाटी आणि संस्कृतज्ञाची पाठचिकित्सा ही पदवी न विचारणाऱ्या कोशातही उपयोगी पडली. त्यांच्या श्रमाचे श्रेय लेखाखाली कोठेही नोंदलेले नाही. किंमत चुकती करण्याची वेळ आली, तेव्हा मात्र ती टोपणनावाने भरता आली नाही. झोकूरच्या विकलेल्या घरापासून दमास्कसच्या तुरुंगापर्यंत ती प्रत्येकाला आपल्या खऱ्या नावाने भरावी लागली. विनामूल्य मिळणाऱ्या ज्ञानाचे मूल्य ठरविताना वाचकाने ही बाब लक्षात घेणे आवश्यक आहे.